रणगाड्यातला चौथा माणूस

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकता आहात, मी काही तुम्हाला दिसत नाही. समोर काय चाललंय ते नुसत्या कानांनी ताडायचं, हे रेडिओ ऐकणाऱ्याला सवयीनं जमतं. मला ते फौजेत शिकावं लागलं. भारतीय सेनेच्या चिलखती दलात मी चोवीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली दहा वर्षं टी-५५ नावाच्या रशियन बनावटीच्या रणगाड्यात तोफेत गोळे भरण्याचं काम केलं. हे काम करणाऱ्याला लोडर म्हणतात. रणगाडा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर झाकणातून छातीपर्यंत बाहेर आलेला, कानांना हेडफोन लावलेला कमांडर उभा राहतो. त्याच्या खाली, तोफेच्या पलीकडच्या बाजूला, अंधारात आणखी एक माणूस असतो. त्याच्याबद्दल मी आज बोलणार आहे, कारण बऱ्याच रणगाड्यांतून तो आता नाहीसा झाला आहे.

आधीच सांगून टाकतो, मी युद्ध पाहिलेलं नाही. १९७४ साली भरती झालो तेव्हा एकाहत्तरची लढाई संपून तीन वर्षं होत आली होती. १९९८ साली दफादार म्हणून घरी आलो आणि कारगिल त्यानंतरच्या वर्षी पेटलं. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात तेव्हा मुलं विचारतात, "काका, तुम्ही किती शत्रू मारले?" मी म्हणतो, एकही नाही. मुलांची तोंडं उतरतात. पण फौजेतल्या बहुतेकांची नोकरी अशीच जाते. रोज तयारी करायची, आणि जिच्यासाठी तयारी करायची ती वेळ येऊ नये असं घरच्यांनी देवाला सांगायचं.

माझं गाव नगर जिल्ह्यातलं. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. चिलखती दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे आणि जवळच त्यांचा गोळीबाराचा माळ आहे, केके रेंज. वाऱ्याची दिशा असेल तर तिथल्या तोफांचे आवाज आमच्या गावापर्यंत यायचे. फळीवरची पितळी भांडी थरथरायची. आजी म्हणायची, "सुरू झालं नगरकरांचं." रेंजवर भंगार वेचायला जाऊन जायबंदी झालेली माणसं आमच्या भागात होती, त्यामुळे तोफ म्हणजे काय ते आम्हा पोरांना सिनेमातून कळलं नाही. तरी भरतीच्या रांगेत उभा राहिलोच. दुष्काळ नुकताच सरला होता, घरात खाणारी तोंडं सात होती. देशप्रेम वगैरे नंतर आलं. आधी पगार आला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

माझी उंची बेताची आणि खांदे रुंद. नगरच्या केंद्रात उस्तादानं (शिक्षकाला फौजेत उस्ताद म्हणतात) मला एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "ये तो टी-पचपन के लिए ही बना है." तेव्हा तो विनोद मला कळला नव्हता. आत शिरलो तेव्हा कळला.

टी-५५ बाहेरून ३६ टनांचा राक्षस दिसतो. आत चार माणसांना जेमतेम जागा. ड्रायव्हर पुढे डावीकडे, जवळजवळ जमिनीलगत. त्याच्या उजव्या हाताला गोळ्यांचा रॅक, आणि त्या रॅकभोवतीच डिझेलची टाकी. वरच्या फिरत्या घुमटात, म्हणजे टरेटमध्ये, तोफेच्या डाव्या अंगाला गनर, त्याच्या पाठीशी थोडा वर कमांडर. कमांडरचे गुडघे गनरच्या पाठीत. आणि तोफेच्या उजव्या अंगाला एकटा लोडर. मध्ये तोफेचं धूड असल्यामुळे तिकडच्या दोघांशी आमचा संबंध फक्त आवाजाचा. डोक्यावर एक छोटा पेरिस्कोप असतो खरा, पण गोळीबार चालू असताना त्याला डोळा लावायला लोडरला फुरसत कुठली? ड्रायव्हरला रस्ता दिसतो, गनरला निशाण दिसतं, कमांडरला सगळंच दिसतं. लोडरला दिसतो तो तोफेचा मागचा भाग आणि गोळ्यांची बुडं.

एकूण गोळे त्रेचाळीस. काही ड्रायव्हरजवळच्या रॅकमध्ये, काही टरेटच्या भिंतीला, काही खाली. प्रत्येक गोळा पितळी किंवा पोलादी नळकांड्यासकट मीटरभर लांब आणि वजनाला तीस किलोच्या आसपास. म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा हलका, पण सिमेंटची गोणी कुणी हलत्या गाडीत, वाकून, कोपऱ्यातून ओढून, फिरवून, एका भोकात नाक घालून ढकलायला सांगत नाही. हे एका मिनिटात चार-पाच वेळा करायचं. चिलखत फोडणारा गोळा हवा की स्फोटक, हे कमांडर सांगणार. तो कुठल्या खणात आहे हे हाताला ठाऊक असलं पाहिजे, शोधत बसायचं नाही. मी रात्री झोपण्यापूर्वी मनात खण मोजायचो. कोणता भरलेला, कोणता रिकामा. बायको अजून म्हणते की झोपेत मी हाताचा पंजा उघडमिट करतो.

आता यात एक गंमत आहे. तोफ लोडरच्या डाव्या हाताला येते, त्यामुळे गोळा शेवटी आत लोटायचा तो डाव्या हाताने. आणि बोटं पसरून नव्हे, मूठ वळून. गोळा पुरता आत गेला की तोफेचं दार आपोआप आडवं सरकून बंद होतं. त्या वाटेत बोट असेल तर बोट गेलं. आम्हा उजव्यांना डावखुरं करण्यासाठी उस्तादानं तीन महिने छळलं. बादली डाव्या हाताने, बेलचा डाव्या हाताने, सलाम सोडून सगळं डाव्या हाताने. पहिल्या सुट्टीत घरी आलो, सत्यनारायणाचा प्रसाद वाटायला बसलो आणि सवयीनं डावा हात पुढे झाला. आजीनं सगळ्यांदेखत पळीचा फटका मारला. तिला रणगाड्याची रचना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

आवाजाबद्दल बोलत होतो. गोळा आत गेला, दार बंद झालं, की तोफेच्या मागच्या उडीच्या वाटेतून अंग बाजूला घ्यायचं, सेफ्टीचा खटका दाबायचा आणि ओरडायचं, "लोडेड!" त्या एका शब्दावर तिकडचे दोघं विसंबून असतात. मग गनरचा "फायरिंग", मग दणका, मग तोफ मागे येते आणि तापलेलं रिकामं नळकांडं खणखणत पायांशी पडतं. दारूचा जळका धूर आत येतो. तो गिळतच पुढचा गोळा. निशाण लागलं की नाही हे मला कधी दिसलं नाही. गनरच्या श्वासावरून कळायचं. लागलं तर तो हलकेच "हां" म्हणायचा. चुकलं तर काही बोलायचा नाही आणि कमांडरचा आवाज अर्धा सूर वर जायचा. ड्रायव्हर घाबरला की गिअर कसा टाकतो, कमांडरला वाट सापडत नसली की तो कसा खाकरतो, हे सगळं मला कानांनी पाठ होतं. आमच्या रेजिमेंटमध्ये सगळ्या प्रांतांचे लोक होते. कमांडर रोहतककडचा जाट, गनर राजस्थानचा, ड्रायव्हर केरळचा. मी महाराष्ट्रातला म्हणून मला सगळे "मराठे" म्हणायचे; जात कुणी विचारली नाही. या तिघांचे चेहरे आता मला नीट आठवत नाहीत, आवाज मात्र आठवतात. माझा डावा कान आता जवळजवळ गेलेला आहे. ती त्याच आवाजांची फी.

एकदा फील्ड फायरिंगला, म्हणजे खऱ्या गोळ्यांच्या सरावाला, आम्ही उभे होतो. नोकरीला पाच वर्षं झाली असतील. मी गोळा भरला, "लोडेड" ओरडलो, गनर "फायरिंग" म्हणाला आणि काहीच झालं नाही. बारीकसा टक् असा आवाज तेवढा झाला. गनरनं पुन्हा दाबलं. मग हाताचा घोडा ओढून पाहिला. टक्. श्रोतेहो, दणक्याला माणूस सरावतो. दणका झाला नाही की पोटात खड्डा पडतो. गोळा तोफेत अडकलेला असतो, त्याच्या बुडावर सुईचा घाव बसलेला असतो. दारू कायमची गप्प बसलीय की आत कुठे धुमसतेय, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. दार उघडलं आणि त्याच क्षणी ती पेटली, तर स्फोट पुढे नळीतून जाण्याऐवजी आपल्या तोंडावर येणार.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. तोफेचं तोंड निशाणाकडेच ठेवायचं, लाल झेंडा वर, तोफेच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, आणि ठराविक वेळ थांबायचं. मग लोडरनं हातानं दार उघडून गोळा बाहेर काढायचा. दुसरा कुणी काढू शकत नाही, कारण दाराच्या त्या बाजूला दुसऱ्या कुणाचा हात पोचतच नाही.

आमच्या कमांडरनं ड्रायव्हरला बाहेर जायला सांगितलं. मग स्वतः वर निघाला, कारण तो हलल्याशिवाय गनरला वाट नाही. गनर बाहेर पडला, लांब गेला. मला वाटलं, आता मी एकटा. तेवढ्यात झाकणातून दोन बूट आत आले. कमांडर पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला. त्याला बसायचं काही कारण नव्हतं. तोफेच्या पलीकडून तो माझ्यासाठी काहीही करू शकत नव्हता. म्हणाला, "मराठे, तू हाथ देख. मैं घड़ी देखता हूँ." आणि दर मिनिटाला तो आकडा सांगत राहिला. मे महिना होता. चिलखताला पाठ टेकली की चटका बसत होता. भीतीपोटी देव आठवतो असं म्हणतात. मला गावाकडची भांड्यांची फळी आठवत होती, का कोण जाणे.

वेळ भरली. मी दांडा खेचून दार हळूहळू उघडलं. गोळा थोडा मागे आला. त्याच्या बुडाखाली उजवा तळवा, वर डावा दंड, आणि लहान मूल उचलावं तसा तो बाहेर ओढला. कॅपवर सुईचा खोल ठसा स्पष्ट दिसत होता. कमांडर तोवर वर जाऊन माझ्या झाकणापाशी पालथा पडला होता. मी खालून दिला, त्यानं वरून घेतला. शंभर पावलांवर वाळूच्या पोत्यांचा खड्डा होता तिथे नेऊन ठेवला. तो दुसऱ्या दिवशी दारूगोळ्याच्या जाणकारांनी उडवला. परत आल्यावर कुणी माझी पाठ थोपटली नाही. कमांडर म्हणाला, "चाय बना." चहा करणं हे लोडरचंच काम असतं, आणि त्या दिवशी त्यानं ते मुद्दाम सांगितलं. हात थरथरत होते ते स्टोव्हला पंप मारताना थांबले.

आता एक खऱ्या युद्धातली गोष्ट. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ झालेल्या रणगाड्यांच्या लढाईत त्यांना वीरमरण आलं. वय एकवीस. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर ये, असा हुकूम वायरलेसवर आला तेव्हा माझी तोफ अजून चालते आहे, असं उत्तर त्यांनी दिलं. हे सगळ्या पुस्तकांत आहे. ते वाचताना माझ्यासारख्याच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. तोफ चालत होती म्हणजे ती कुणीतरी भरत होतं. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा सेंच्युरियन जातीचा, चार माणसांचा. ड्रायव्हर होते सवार प्रयाग सिंग, गनर सवार नत्थू सिंग, आणि वायरलेस सांभाळणारे सवार नंद सिंग. सेंच्युरियनमध्ये वायरलेस सांभाळणारा तोच गोळेही भरतो. नंद सिंग त्याच रणगाड्यात कामी आले. खेत्रपालांच्या शौर्याला यानं तसूभरही उणेपणा येत नाही. पण शाळेत मी भाषणाला जातो तेव्हा ही तीन नावं फळ्यावर लिहून येतो.

आमच्या रेजिमेंटला १९८५ साली नवे रणगाडे मिळाले, टी-७२. हेही रशियन. तोफ मोठी, १२५ मिलिमीटरची, इंजिन जोरदार, अंतर मोजायला लेझर. आणि माणसं तीन. चौथ्याची जागा यंत्रानं घेतलेली. टरेटच्या तळाशी एक गोल फिरती चकती असते, जत्रेतल्या पाळण्यासारखी आडवी. तिच्यात बावीस गोळे आणि त्यांची दारू. गनरनं बटण दाबलं की चकती फिरते, हवा तो गोळा समोर येतो, यंत्र तो उचलतं, आत ढकलतं, मग दारू ढकलतं. पहिल्यांदा आम्हा जुन्या लोडरांना उभं करून ते दाखवलं तेव्हा कुणी बोललं नाही. आमच्यातला एक कर्नाटकचा होता, तो शेवटी म्हणाला, "ये चाय नहीं बनाएगा." सगळे हसले. पण त्या रात्री बराकीत फारसं कुणी जेवलं नाही.

कुणाची नोकरी गेली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. कुणी ड्रायव्हर झाला, कुणी गनर. मी गनरचं शिक्षण घेतलं. दहा वर्षांनी पहिल्यांदा निशाण डोळ्यांनी पाहिलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? यंत्र दमत नव्हतं, वाकताना त्याची कंबर धरत नव्हती. चौथा माणूस काढल्यामुळे रणगाडा बुटका झाला, आणि बुटका रणगाडा शत्रूला लवकर दिसत नाही. ज्यांनी हा विचार केला ते मूर्ख नव्हते.

मग आलं 'ब्रासटॅक्स'. १९८६-८७ च्या हिवाळ्यात राजस्थानात झालेला हा सराव आपल्या सेनेच्या सर्वांत मोठ्या सरावांपैकी एक. त्या वेळचे सेनाप्रमुख जनरल सुंदरजी. त्यांची मूळ रेजिमेंट महार, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. आठवडेच्या आठवडे वाळूत. तिथे आम्हाला हिशेब कळला. रणगाडा चालतो तो दिवसातले काही तास. उरलेला वेळ तो माणसांकडून काम करून घेतो. ट्रॅक, म्हणजे पोलादी पट्टा, सैल झाला की ताणायचा. निसटला की घण आणि पहार घेऊन चढवायचा. तोफेची नळी सहा मीटर लांब, ती लांब दांड्याला ब्रश लावून आतून घासायची. इंधन भरायचं, गोळे चढवायचे, जाळी टाकून झाकायचं, फिल्टरमधली वाळू झाडायची, स्वयंपाक, आणि रात्रभर पहारा. चार जणांत वाटलेलं हे काम आता तिघांत. त्यात कमांडर हुकूम घ्यायला ट्रूपच्या बैठकीला गेलेला. उरले दोन. यंत्र गोळे भरतं; घण मारायला ते खाली उतरत नाही.

पहाऱ्याचं गणित करून बघा. रात्रीचे आठ तास चौघांत वाटले तर प्रत्येकी दोन. तिघांत वाटले तर अडीचच्या वर. फरक चाळीस मिनिटांचा. ऐकायला काहीच नाही. पण पंधराव्या रात्री ती चाळीस मिनिटं डोळ्यांत वाळूसारखी खुपतात.

पुढच्या एका हिवाळी सरावात आमच्या शेजारच्या रणगाड्याचा ट्रॅक रात्री निसटला. त्यांच्या ड्रायव्हरनं आणि गनरनं तो पहाटे दोनपर्यंत झगडून चढवला. रणगाड्यांच्या तळाचा एक नियम असतो: कुणीही उघड्या वाळूत झोपायचं नाही, आणि अंधारात रणगाडा हलवायचा तर पुढे हातात दिवा घेतलेला माणूस चालला पाहिजे. नियम सगळ्यांना पाठ. पण तो पोरगा, वय बाविसेक असेल, घामानं भिजलेला, वारा चुकवायला वाळूच्या एका उंचवट्याआड टेकला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. थोड्या वेळानं इंधन घेऊन एक रणगाडा परत आला. पुढे दिवा घेतलेला माणूस होता. तो उंचवट्याच्या या बाजूनं चालला, ट्रॅक त्या बाजूनं गेला. आरडाओरड मी ऐकली. अंधारात काही दिसेना, पण त्या आवाजात कुणाचंतरी फार मोठं नुकसान झालंय एवढं मला समजलं. कानांची जुनी सवय. पोराचा जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

चौथा माणूस असता तर पाय वाचला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चौघांच्या रणगाड्यांच्या तळावरही अपघात होतात. पण चौथा असता तर त्या रात्री एक जण कोरडा, झोप झालेला आणि पहाऱ्यावर जागा असता, एवढं नक्की. हा हिशेब रणगाड्याच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. तक्त्यात वजन असतं, वेग असतो, चिलखताची जाडी असते.

दुसरी गोष्ट त्या चकतीची. दारूगोळा माणसांच्या बुडाखाली. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या टी-७२ रणगाड्यांचं काय झालं ते आम्ही फोटोंत पाहिलं. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा तसलीच दृश्यं घरोघरी मोबाइलवर आली: आतला दारूगोळा पेटून टरेट उंच उडालेली, बाजूला उलटी पडलेली. माझा नातू ते व्हिडिओ मला दाखवायला आला, "आजोबा, हा तुमचावाला ना?" मी मोबाइल बंद करायला सांगितला. न्यायानं बोलायचं तर टी-५५ मध्येही आम्ही गोळ्यांच्या आणि डिझेलच्या गराड्यातच बसायचो. वर्मी घाव बसता तर तिथेही कुणी उरलं नसतं. यंत्राला सगळा दोष देऊन माणसाला मोठं करणं मला पटत नाही. मला एवढंच दिसतं की दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणाऱ्यांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत. रशियन लोक यंत्रावर राहिले. अमेरिकेचा एब्रम्स, जर्मनीचा लेपर्ड यांत अजून हाडामांसाचा लोडर आहे. आणि आपला अर्जुन, चेन्नईजवळ आवडीला बनलेला, ज्याची पहिली खेप २००४ साली सेनेकडे गेली, तोही चार माणसांचाच आहे. त्याला वजनदार म्हणून नावं ठेवणारे आमच्या जुन्या लोकांतही आहेत, आणि साठ टनांच्या आसपासचा रणगाडा नेताना रस्ते आणि पूल बघावे लागतात हे खरंच. पण अर्जुनमध्ये चौथी जागा आहे हे वाचलं, तेव्हा मला भाऊबंद सापडल्यासारखं झालं.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ सालापासून. सुट्टीत मुलांना घेऊन जा. शेर्मन, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून पासष्ट साली हाती लागलेला पॅटन, सगळे झाडांच्या सावलीत उभे आहेत. लोक नळीच्या खाली उभं राहून फोटो काढतात. तुम्ही जमलं तर टरेटची झाकणं मोजा. एक कमांडरचं. दुसरं कुणाचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

मागच्या दिवाळीत आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा सुट्टीवर आला होता. कुणीतरी त्याला सांगितलं की ते म्हातारे टँकवाले आहेत, म्हणून भेटायला आला. विचारलं, ट्रेड काय? म्हणाला, "काका, अर्जुनवर लोडर." त्याला बसवून घेतलं. त्यांच्यात लोडर तोफेच्या डाव्या अंगाला असतो, त्यामुळे गोळा उजव्या हातानं लोटतात. मी माझी डावी मूठ पुढे केली, बोटांच्या सांध्यांवरचे जुने पांढरे डाग दाखवले. त्यानं उजवी मूठ दाखवली. त्याचे अजून लाल होते. मग तासभर आम्ही पाठदुखी, हातमोजे आणि मे महिना यांवर बोललो. घरच्यांना वाटलं, काही गुप्त चाललंय.

निघताना मी त्याला विचारलं, "तुमच्यात चहा कोण करतं रे?"

तो म्हणाला, "म्हणजे काय काका? लोडरच."